साहेबाचा शब्द, मामांच्या तोंडी

दुभाषीमामा बाजारात 'मी' म्हणाले की तो साहेब समजायचा. स्वतःविषयी काही सांगायचं असलं तर ते 'हा माणूस' म्हणायचे. "मी हा कापूस घेतो, पण या माणसाला जरा पाणी पाजा," असं एका दमात बोलून ते तांब्यासाठी हात पुढे करायचे, आणि कापूस कोण घेणार नि पाणी कोण पिणार हे अमरावतीच्या बाजारात सगळ्यांना बरोबर कळायचं. नवखा मात्र फसायचा. तो तांब्या घेऊन साहेबाकडे धावायचा आणि साहेब दचकून मागे सरायचा.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. गाव भातकुलीजवळचं, घर शेतकऱ्याचं, जमीन काळी. थोरले मामा शेत पाहायचे. हे धाकटे पोरवयात एलिचपूरच्या छावणीत एका कप्तानाच्या तबेल्यावर कामाला लागले आणि घोड्यांना खरारा करता करता इंग्रजी शिकले. त्यामुळे सुरुवातीला आपल्या इंग्रजीत शिव्या फार आणि क्रियापदं कमी होती, असं ते मोकळेपणानं सांगायचे. पुढे सातासमुद्रापलीकडे कुठेशी मोठी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्या धामधुमीत कापूस घेणारी एक गोरी पेढी अमरावतीत येऊन बसली. तिला हात होते, थैल्या होत्या, तोंड तेवढं नव्हतं. मामा ते तोंड झाले. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो, म्हणून हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं. मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असंही कधी कधी वाटतं.

ही 'मी'ची शिस्त कप्तानाची, तो छावणीत मामांनाच दुभाष्या करायचा तेव्हाची. तो मामांना म्हणे, "मी काय म्हणालो ते सांगू नकोस. मी म्हणतो तसं म्हण." मामांनी ते इतकं मनावर घेतलं की दुभाष्याचं काम करताना ते हातसुद्धा साहेबासारखे पाठीमागे बांधायचे, हनुवटी वर करायचे, आणि त्यांची वऱ्हाडी कुठल्या कुठे जाऊन तोंडातून पुस्तकी मराठी निघायची. "मधला मानूस दिसला का सौदा नासते," असं ते मला समजावायचे. काम आटोपलं की हात सुटायचे, हनुवटी खाली यायची, आणि आमचे मामा परत यायचे.

घरी हे सोंग चालायचं नाही. एकदा बाजारातून दमून आले आणि दारातूनच म्हणाले, "मी जेवत नाही आज." मामी चुलीपुढून उठल्याही नाहीत.

"कोन जेवत नाई, अजी? साहेब का? साहेबाले नसन जेवायचं तं नाई. तुमी हातपाय धुवा अन् बसा पाटावर."

मामा बसले. मामींपुढे कप्तानाची शिस्त टिकली नाही. माझी खात्री आहे, खुद्द कप्तान आला असता तर तोही पाटावर बसला असता.

मामांना इंग्रजी शब्दांचं वेड होतं. शब्द ते नाणं पारखावं तसे वाजवून घ्यायचे. कुठून आला, कुणाच्या तोंडी कसा वागतो, एकटा असताना काय करतो आणि सोबत असताना काय, हे सगळं त्यांना हवं असायचं. साहेबाच्या बोलण्यात एक शब्द उठता बसता यायचा, तो 'सून'. बाजारातल्या टवाळांनी त्यावर यथेच्छ करमणूक करून घेतली. साहेबाची सून माहेरून कधी येणार, असं त्याच्या तोंडावर हसत हसत विचारायचे, आणि तो बिचारा मान डोलवायचा. मामांना ते खपत नसे. त्यांच्या लेखी तो थोर शब्द होता.

'सून'चा अर्थ ते 'आत्ताच' असा सांगायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकात 'लवकर' दिलं होतं, म्हणून मी एकदा मास्तरकीचा तोरा दाखवला. मामा खवळले.

"लवकर म्हनजे कवा? लवकर म्हटलं का मानूस घरी जाऊन झोपते. कप्तान 'सून' म्हने, तवा त्या घडीले घोडा दारात लागे. नाई लागला तं चाबूक. तुह्या पुस्तकानं कवा घोडा आनला का दारात?"

पुस्तकानं घोडा आणला नव्हता हे खरंच होतं. मामा तो शब्द जिथं शिकले तिथं तो हुकूम होता, आणि हुकमाला उद्या नसतो. बाजारातला गोरा काही कप्तान नव्हे आणि त्याच्या हाताखाली तबेला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

त्या वर्षी कापूस वेचून झाल्यावर साहेब घोड्यावरून भातकुलीकडच्या गावांना निघाला. बरोबर मामा, आणि गंमत पाहायला मीही. आजोळच्या गावात चावडीपुढे माणसं जमली. साहेबाचं म्हणणं असं की तुमच्या कापसाचा धागा आखूड, परदेशी बी पेरा, धागा लांब निघेल. जुनं बी मात्र गावात ठेवू नका. दोन बिया एका शिवारात मिसळल्या तर सगळंच बिघडेल. नवं बी मी पाठवीन, सून. मामांनी हात मागे बांधले, हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "जुनं बी ठेवू नका. नवं बी मी आत्ताच पाठवतो."

गर्दीच्या मागे थोरले मामा उभे होते. त्यांच्या घरच्या बियाण्याचा आसपास लौकिक होता. माझी आजी होती तोवर वेचणीच्या भरात, झाडाच्या मधल्या फांदीवरची बोंडं ती स्वतः हेरून वेगळी काढायची, हातरेच्यावर त्यातली सरकी वेगळी करायची आणि राखेत घोळून मडक्यात भरून ठेवायची. तिच्यामागे थोरल्या मामांनी तेच चालू ठेवलं. घरातल्या मुलीचं लग्न झालं की तिच्या ओटीत मूठभर सरकी घालायची रीत होती. माझ्या आईच्याही ओटीत ती आली होती आणि आमच्या वावरात वाढत होती. आजी जाऊन वर्षं लोटली होती, पण तिचं निवडणं असं दरसाल उगवत होतं.

सभा मोडल्यावर थोरले मामा पुढे आले. साहेबाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"लहान्या, येते ना रे बी?"

साहेब शेजारीच उभा होता. मामांचे हात अजून पाठीमागेच होते. ते म्हणाले, "मी आत्ताच पाठवतो."

थोरल्या मामांना एवढं पुरे होतं. त्या संध्याकाळीच त्यांनी मडकी उतरवली, सरकी भिजत घातली आणि बैलांपुढे गव्हाणीत टाकली. कापसाच्या गाड्या ओढून ओढून बैल खंगले होते, त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. बैल खाताहेत हे पाहून त्यांना बरंच वाटलं होतं, असं ते पुढे सांगायचे. भाऊ म्हणाला म्हणून माझ्या आईनंही आमच्याकडची सरकी बैलांना घातली. शिवारातल्या ज्यांच्याकडे त्या बियाण्याची मूठ दोन मूठ होती, त्यांनीही तेच केलं. साहेबावर कुणाचाच भरवसा नव्हता. ते सगळे मामांना ओळखत होते.

चैत्र गेला, वैशाख गेला. मामा रोज पेढीवर विचारायचे आणि साहेब रोज म्हणायचा, "सून." सुरुवातीला मामा घरी येऊन उत्साहानं सांगायचे, "आत्ताच येते." मग नुसतं, "येते." मग मामी विचारायच्या तेव्हा ते जोडे काढण्यात फार वेळ घालवू लागले. साहेब काही लबाड नव्हता, हे मला आज कळतं. त्याला मुंबईहून कुणी तरी 'सून' लिहून पाठवत होतं आणि मुंबईकराला विलायतेहून. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि सगळ्यांत शेवटी, उघड्यावर, आमचे मामा उभे होते.

ज्येष्ठात ते अकोल्याला गेले. तिथं पेढीचा मोठा साहेब होता. त्यानं मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "सून." तिथून उठून मामा गावातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे गेले. या पाद्र्याकडे इंग्रजी शब्दांच्या मुळांचा जाडजूड ग्रंथ आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. दुसरा कुणी असता तर बियाण्याची आणखी कुठे चौकशी केली असती. मामा शब्दाची चौकशी करून आले.

परतल्यावर ओट्यावर माझ्याशेजारी बसले. धुळीनं भरले होते. पाय धुवायचं भान नव्हतं.

"मास्तर, ह्या मानसाचं चुकलं नव्हतं रे," ते म्हणाले. "लय जुन्या काळी त्याईच्या मुलखात 'सून' म्हनजे आत्ताच होतं. ह्याच घडीले. पाद्र्यानं पुस्तक काढून दाखवलं. तवा 'सोना' म्हनत. मंग लोक आत्ताच म्हनायले लागले अन् करेनात. म्हनत गेले अन् करेनात. बापानं केलं नाई, पोरानं केलं नाई. असं होता होता शब्दच लांब गेला. आत्ताचा मंगचा झाला. शब्द खोटा नव्हता. लोकाईनं त्याले खोटं पाडलं."

मग उसना हुरूप आणून मला त्याचे प्रकार समजावत बसले. 'टू सून' म्हणजे नको तितक्या लवकर. 'सूनर' म्हणजे त्याहून आधी, आणि कधी कधी त्यापेक्षा हे बरं, असंही. "अन् 'ॲज सून ॲज' असं म्हटलं ना, का अजून बी त्याचा जुनाच अर्थ हाय. हे झालं का त्या घडीले ते. दोन्हीकून धरला तं सिधा चालते. मोकळा सोडला का पयून जाते." एरवी मला हे फार आवडलं असतं. त्या दिवशी मी नुसता हो हो म्हणत राहिलो. आभाळ भरायला लागलं होतं.

त्यानंतर मामांनी त्या शब्दाचं मराठी करणं सोडून दिलं. साहेब 'सून' म्हणाला की तेही 'सून'च म्हणायचे, मान खाली घालून. लोकांना तेवढंच हवं होतं. गाडी केव्हा निघते? सून. उसना नांगर कधी परत देतोस? सून. जे होणार नाही त्याला आमच्या बाजारात 'सून' म्हणू लागले. मामा वळणावरून येताना दिसले की कुणी तरी हटकून म्हणायचा आणि मामाही त्यांच्यात हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. लोकांचाही यायचा आणि, खरं सांगायचं तर, मामांचाही. भांडा ना, चार शिव्या द्या, छावणीतल्या द्या, असं म्हणावंसं वाटायचं.

पेरण्या सुरू झाल्या तेव्हा मामा भावाकडे निघाले. मी सोबत गेलो. थोरले मामा ओसरीवर तिफणीच्या नळ्या साफ करत बसले होते. तिफण सज्ज होती, बैल सज्ज होते. मामा उभ्याउभ्याच बोलायला लागले. साहेबानं काय सांगितलं, मोठ्या साहेबानं काय सांगितलं, जहाज कुठे अडलं असेल, सगळं. थोरले मामा शांतपणे म्हणाले,

"साहेब कोन रे? म्या तं त्याचं तोंड बी नीट पायलं नाई. तू म्हनला, मी पाठवतो."

त्यावर मामांनी जे केलं ते केवळ त्यांनाच सुचू शकलं असतं. त्यांनी भावाला त्या शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. जुन्या काळी तो काय होता, लोक कसे वागले, तो कसा ढळत गेला. थोरल्या मामांनी हातातलं काम थांबवून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं,

"मंग आता म्या काय पेरू?"

शेजारच्या गावांत ज्यांनी आपलं बी राखून ठेवलं होतं, ते सरकी द्यायला तयार होते. थोरल्या मामांनी घेतली नाही. या वावरात दुसऱ्याचा कापूस नाही, म्हणाले, आणि सगळ्या रानात ज्वारी पेरली. मी आईकडे जाऊन मडकी पालथी करून आलो. मडक्यात राख होती. आणखी दोन घरी विचारलं, तिथंही तेच. आजीनं निवडलेली सरकी आता कुणाकडेच नव्हती. साहेबाकडे मागून ती मिळणार नव्हती, अकोल्याला नाही, मुंबईलाही नाही.

मामा अमरावतीला परत गेले नाहीत. तिकडची लढाई संपल्याची बातमी आली होती, भाव कोसळले होते, पेढी आवराआवर करत होती. एक दिवस सकाळी ते गोठ्यात दिसले. अंगात बाजारातला लांब कोट, डोक्याला पागोटं, आणि गुडघ्यांवर बसून गव्हाणीच्या लाकडी फटी काडीनं कोरत होते. बैल त्यांच्या पागोट्याला हुंगत होता. फटींत, कोपऱ्यांत, चिखलात अडकलेली एकेक सरकी काढून ते उपरण्यावर ठेवत होते. थोरले मामा दारात येऊन उभे राहिले. पाहत राहिले. मग आत येऊन त्यांनी बैल बाजूला घेतला, म्हणजे भावाला कोपऱ्यापर्यंत हात घालता येईल.

पसाभर निघाली. भिजून फुगलेली आणि पुन्हा वाळलेली सरकी उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मामाही त्याच घरातले. थोरल्या मामांनी ती तळहातावर घेतली, बोटानं जरा हलवली आणि म्हणाले, "चाल, पेरू." विहिरीजवळ भाजीचे वाफे होते, त्यांच्या कडेला मामांनी स्वतःच्या हातानं एक ओळ टोकली.

मग पावसानं ओढ दिली. थोरल्या मामांनी मोट जुंपली. वाफ्यांना पाणी पाहिजेच आहे, असं ते म्हणायचे, पण पाट आधी त्या ओळीला फोडायचे. मामा ओळीशेजारी बसून राहायचे, माती कुठे उचलली जाते का ते पाहत. ओळ तशीच सपाट होती. "एखांद्या वर्सी येळ लागते," थोरले मामा त्यांना सांगायचे. मी एकदा मोटेवर त्यांच्यासोबत होतो. मामा लांब होते. मी हळूच विचारलं, "मामा, हे काही उगवायचं नाही ना?"

"नाई."

"मग पाणी कशाला देता?"

त्यांनी बैल वळवले. "तो पाहून राहिला ना," म्हणाले.

सुटी संपत आली होती, तरी मी राहिलो. काही करता येत नव्हतं आणि निघवतही नव्हतं. दोघे भाऊ जेवायला शेजारी बसायचे आणि ज्वारीबद्दल बोलायचे, तण वाढलंय, डवरून काढायला हवं. त्या ओळीबद्दल कुणी बोलत नसे.

शेवटी अकोल्याहून बोलावणं आलं. तिकडे रेल्वेच्या कामावर दुभाष्या हवा होता. मामा गेले ते गेलेच. मामींना तिकडेच बोलावून घेतलं, गावाकडे सणावारालासुद्धा फारसे फिरकले नाहीत आणि काही वर्षांनी अकोल्यातच वारले. ते परदेशी बी पुढे मुंबईच्या बंदरात उतरलं म्हणे. मी काही ते पाहिलं नाही. आमच्या मुलखात आज कापूस पुष्कळ आहे, चांगलाही आहे, पण तो आजीचा नाही.

निघायच्या दिवशी मामा सकाळी एकटेच त्या ओळीपाशी जाऊन आले. मग भावाच्या पाया पडले. थोरल्या मामांनी त्यांना उठवलं, खांद्यावरची धूळ झटकली आणि वेशीपर्यंत पोचवायला न जाता विहिरीकडे वळले. आभाळ त्या दिवशी काळंभोर झालं होतं, पाऊस आलाच होता म्हणा. तरी त्यांनी मोट जुंपली. गाडी निघाली. मोटेच्या चाकाची कुरकुर पार वाटेवर ऐकू जात असावी, आणि मामा गाडीत मागे तोंड करून बसले होते, ते दिसेनासे होईपर्यंत त्या ओळीकडेच पाहत होते. गाडी बडनेऱ्याच्या वाटेला लागून बाभळींआड गेली, तेव्हा थोरल्या मामांनी बैल थांबवले. मोट अर्ध्यावर होती. ती तशीच विहिरीत सोडून दिली, जू उतरवलं आणि मला म्हणाले, "चाल भाच्या, ज्वारी डवरायची राह्यली."